घरच्या ओटीवर चाकाची आगबोट

तुमच्या घरात बारा-चौदा वर्षांचे एखादे उचापती पोर आहे का? सायकल खोलून अंगणभर पसरणारे, पंपाच्या मोटारीत बोटे घालणारे आणि पुस्तक उघडले की जांभया देणारे? असेल तर पुढचे चार शब्द तुमच्यासाठीच आहेत.

आमच्या घरी असा एक पुतण्या आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मुंबईचे पाहुणे आमच्या वसईच्या वाडीत राहायला आले आणि जाताना त्याच्या हातात एक लांबट खोके देऊन गेले. झाकणावर अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीतल्या आगबोटीचे चित्र होते. वर उंच धुरांडी, कठड्यांचे मजले आणि मागे पाणी कापणारे भलेमोठे चाक. आत मात्र बोटीचा पत्ता नाही. लाकडाच्या पातळ पट्ट्यांच्या जुड्या, कोरून ठेवलेले पातळ फळीचे तुकडे, पितळी खिळे, दोरा आणि घडी घातलेले नकाशे. अशा तयार तुकड्यांच्या संचाला शहरात किट म्हणतात. किंमत कळली तेव्हा आमच्या वहिनी म्हणाल्या, "एवढ्यात एक चांगली शेळी आली असती." खोटे नव्हते ते.

पण खोके घरात आलेच होते. तेव्हा ते उघडणाऱ्याने काय करावे आणि आम्ही काय चुकलो, हे सांगतो.

आधी चाकाचे बघू, कारण पोराचा पहिला प्रश्न तोच होता. बोटीला चाक कशाला? आमच्याकडच्या जुन्या माणसाला याचे उत्तर सांगावे लागत नाही. वसई-आगाशीच्या वाड्यांतून रहाट फिरत, ते त्याने पाहिलेले असतात. रेडा गोल फिरायचा, चाक फिरायचे, लोटे विहिरीतले पाणी वर आणायचे आणि पाटाने ते केळी-पानवेलींना जायचे. रहाटाचे चाक जागेवर राहते आणि पाणी हलते. आगबोटीचे चाक पाण्याला मागे रेटते आणि बोटच पुढे जाते. रेड्याच्या जागी वाफेचे इंजिन, लोट्यांच्या जागी फळ्या, एवढाच फरक. उथळ नदीत अशी बोट फार सोयीची. चाक बोटीच्या तळाखाली जात नाही, म्हणून गाळात रुतायची भीती कमी.

मग चाके गेली कुठे? 1845 साली इंग्रजांच्या आरमाराने एक गंमत केली. खाली पंखा असलेली रॅटलर आणि बाजूला चाके असलेली अलेक्टो, या सारख्याच ताकदीच्या दोन आगबोटी त्यांनी पाठीला पाठ लावून दोरखंडाने बांधल्या आणि दोघींना पूर्ण जोर लावायला सांगितले. पंख्याच्या रॅटलरने अलेक्टोला उलटे ओढत नेले. चाके काही त्या दिवशीच संपली नाहीत, पण समुद्रावरून हळूहळू मागे हटली आणि नद्यांमधून मात्र पुष्कळ वर्षे टिकली.

पोराचा दुसरा प्रश्न अधिक चांगला होता. "काका, आपल्याकडे होत्या का अशा बोटी?"

होत्या. आणि नुसत्या आलेल्या नव्हेत, इथेच बांधलेल्या. मुंबईच्या गोदीत नवरोजी जमशेटजी वाडिया हे मुख्य बांधणारे असताना 1829 साली 'ह्यू लिंडसे' नावाची चाकाची आगबोट पाण्यात उतरली. 20 मार्च 1830 रोजी ती मुंबईहून निघाली आणि महिन्याहून थोड्या जास्त दिवसांत सुएझला पोचली. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंड गाठायला तेव्हा कित्येक महिने लागत, हे लक्षात घ्या. एडनपर्यंतच्या लांब पल्ल्याला पुरावा म्हणून तिच्यात मिळेल त्या जागी कोळसा भरला होता. त्या वजनाने बोट ठरल्यापेक्षा खोल बसली आणि एडन येईपर्यंत कोळसा संपतच आला होता. ही खोल बसल्याची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती आपल्या उपयोगी पडणार आहे.

त्याच गोदीतली दुसरी बोट 'पंजाब', 1854 सालची. सागवानी, दोन बाजूंना चाके असलेली लढाऊ आगबोट. 1863 साली ती विलायतेत विकली गेली. नव्या मालकाने इंजिन काढून टाकले, शिडे चढवली आणि 'द ट्वीड' असे नवे नाव दिले. ती इतकी वेगाने पळू लागली, की त्याच मालकाने 1869 साली 'कटी सार्क' बांधवली तेव्हा तिचा घाट ठरवताना या मुंबईच्या बोटीकडे पाहिले. कटी सार्क आजही लंडनमध्ये ग्रिनिचला जपून ठेवलेली आहे. आणि आपल्या आगाशीबद्दल काय सांगावे! पोर्तुगीजांनी 1530 आणि 1531 साली ती लुटून जाळली, आणि 1540 च्या सुमारास तिथे बांधले जात असलेले एक जहाज पकडून त्याच्यावर युरोपच्या फेऱ्या केल्या, अशी नोंद जुन्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे. आज आगाशीचे नाव काढले की लोकांना सुकेळी आठवते. सुकेळी गोडच असते म्हणा, पण जहाजही आठवायला हरकत नाही.

असो. आता कामाला लागू.

खोके उघडल्यावर पहिले दोन दिवस काहीही चिकटवू नका. नकाशा भिंतीला लावा, तुकडे मोजा, प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा घाला. कोरलेले तुकडे फळीतून एकदम मोडून काढू नका. लागेल तो, लागेल तेव्हा काढावा. बांधायचा क्रम खऱ्या होडीसारखाच असतो. आधी तळाचा कणा, ज्याला आपल्याकडचे होडीचे सुतार पठाण म्हणतात. त्यावर आडव्या बरगड्या, म्हणजे वांक. मग बाहेरून फळ्या. पठाण सरळ आहे की नाही ते गोंद लावण्यापूर्वी काचेच्या तुकड्यावर ठेवून बघा. वांक आधी कोरडेच बसवून पाहा, गुण्याने काटकोन तपासा, मगच पांढरा गोंद लावा.

आम्ही इथपर्यंत बरोबर होतो. घोळ फळ्यांपाशी झाला. जूनचा पाऊस लागलेला, शाळा नुकती सुरू झालेली, पोराला घाई. एका संध्याकाळी त्याने उजव्या बाजूच्या सगळ्या पट्ट्या लावून टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी डावी बाजू धरली. मीही शाबासकी दिली. लावणीच्या गडबडीत मला दुसरे सुचतही नव्हते. दिवाळीला ओटीवर नीट उजेडात बोट धरली, तर फळ्यांच्या फटींतून पलीकडचे दिसत होते आणि नाळ एका अंगाला वळलेली. पोराने ती खोक्यात कोंबली आणि खोके माळ्यावर टाकले. पुढचे दोन आठवडे तो माझ्याशीही धड बोलत नव्हता.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वृद्ध सुतार राहतात. उभा जन्म त्यांनी किनाऱ्यावर मच्छीमारांच्या होड्या बांधल्या. आता पुष्कळ होड्या फायबरच्या साच्यातून निघतात आणि बाबांकडे नवे काम येईनासे झाले आहे. नजरही मंदावली आहे. मी मुलाला म्हटले, एकदा त्यांना दाखवू. तो तयार नव्हता. शेवटी मीच खोके काखोटीला मारले, तेव्हा मागून आला.

बाबांनी नकाशाकडे पाहिलेसुद्धा नाही. बोट मांडीवर घेतली, अंगठा नाळेपासून मागपर्यंत फिरवला आणि विचारले, "एक बाजू आधी लावलीस ना रे?"

मुलगा गप्प.

"दोन बैल असतात. एकालाच जोर लावायला सांगितलास तर नांगर वाकडाच जाणार. एक फळी इकडे, लगेच एक तिकडे. आणि लाकूड पावसात फुगलेले होते. थंडीत आकसले, की फट पडते. यात तुझा गुन्हा नाही, ऋतूचा आहे."

म्हणून वाचकहो, तुम्हीही एवढे पाळा. आपल्या दमट किनाऱ्यावर फळ्या लावायचे काम दसरा उलटल्यावर, हवा कोरडी झाली की काढावे. पावसाळ्यात चाकाचे आरे, कठडे, जिने, धुरांडी असली सुटी कामे करावीत. पट्ट्या नाळेकडे वळवण्यापूर्वी अर्धा तास पाण्यात भिजवा, हळूहळू वाकवा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या पट्टीला गोंद लावू नका.

आणखी एक गोष्ट नकाशात बारीक अक्षरांत होती, पण आम्हाला ती बाबांच्या हातून कळली. बोट मधे फुगीर आणि नाळेला निमुळती असते. मधल्या वांकावर जेवढ्या फळ्या बसतात, तेवढ्याच पूर्ण रुंदीच्या फळ्या नाळेवर कशा मावतील? बाबांनी कागदाची पट्टी मधल्या वांकावर गुंडाळली, जिथे संपली तिथे खूण केली आणि तिचे फळ्यांच्या संख्येइतके भाग पाडले. मग दुसरी पट्टी नाळेजवळच्या वांकावर गुंडाळून तितकेच भाग पाडले. दुसऱ्या पट्टीवरचा भाग जेवढा भरला, तेवढी फळी टोकाला तासायची. हिशेब एवढाच. भागाकाराला कंटाळणारे आमचे पोर त्या दिवशी तीन वेळा भागाकार करून आले.

बिघडलेली बोट टाकायची नाही. पांढरा गोंद कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ होतो. आम्ही एकेक पट्टी सोडवली, चार मोडल्या, बाकीच्या वाचल्या. सांगाडा आठवडाभर दाबाखाली ठेवून सरळ केला आणि डिसेंबरात नव्याने सुरुवात केली. आता सुट्टीच्या दिवशी सकाळी बाबा स्वतःच ओटीवर येऊन बसू लागले. चहा झाला की म्हणत, "आण बाळा तुझी आगबोट."

चाकाला घाई नको. जाड कागदावर परकारने वर्तुळ काढा, आऱ्यांच्या रेघा आखा, त्यावर मेणकागद पसरा आणि त्याच्यावरच आरे चिकटवा, म्हणजे दोन्ही कडी हुबेहूब सारखी होतात. सगळ्या फळ्या एका मापाच्या हव्यात. एखादी जरी लांब राहिली, तरी चाक रखडते. आस घट्ट बसवू नका. फुंकर मारली की चाक फिरले पाहिजे.

हे संच खरे तर कपाटात ठेवायचे. पण पोराला ती पाण्यातच बघायची होती. तुमच्याकडेही तोच हट्ट होईल, तेव्हा तळ बंद करण्यापूर्वी आतूनही दोन हात वॉर्निश द्या आणि वजनासाठी शिशाचे तुकडे अगदी खाली, मधोमध ठेवा. आम्ही ती वाडीमागच्या बावखलात सोडली. आमच्याकडची किती बावखले बुजली याचा हिशेब इथे मांडत नाही, पण हे एक अजून शिल्लक आहे. पहिल्या खेपेला शिसे जास्त झाले, बोट खोल बसली, आणि रबराच्या पिळावर चाक फिरले तरी पाणी नुसते उडत राहिले. पुतण्या एकदम ओरडला, "काका, ह्यू लिंडसे!" दोन तुकडे काढले. चाकाची सर्वांत खालची फळी जेमतेम बुडेल इतकीच बोट पाण्यात ठेवली, तेव्हा ती शेवाळ बाजूला सारत पलीकडच्या काठाला लागली.

संच घ्यायची ऐपत नसेल तर अडायचे कारण नाही. सुतारकामातले सागाचे तुकडे, बांबूच्या कामट्या, पितळी तार आणि पांढरा गोंद एवढ्यावर भागते. फक्त नकाशा आधी स्वतः काढा आणि वांक जाड पुठ्ठ्यावर कापून बघा. आमच्या मते हीच शिकण्याची खरी वाट. खोक्यातल्या बोटीत कठीण विचार दुसऱ्या कोणी करून ठेवलेला असतो.

याच डिसेंबरात पोराने बाबांना विचारले, "तुम्ही बांधलेल्या होडीचा नकाशा कुठे आहे?" बाबा हसले आणि त्यांनी कपाळावर बोट ठेवले. त्यांनी कधी नकाशा काढलाच नव्हता. नजर, दोरी आणि हात, एवढ्यावर सगळे उभे राहिले. त्यांच्या हातची एक जुनी होडी किनाऱ्यावर उपडी पडलेली आहे. मालक ती यंदा फोडून लाकूड विकणार होता. बाबांनी सांगून दोन महिने थांबवला आहे. आता दर रविवारी म्हातारा आणि पोर टेप, ओळंबा आणि शाळेची वही घेऊन तिथे जातात. बाबा माप बोलतात, पोर लिहिते, आणि वांकाचा वळसा मिसिसिपीच्या नकाशाच्या पाठकोऱ्या बाजूवर उतरतो. आतापर्यंत सात वांक झाले.

त्या होडीची लहान प्रतिकृती करायची आहे, संचाशिवाय. पठाणीला लाकूड कोणते, यावर बरीच चर्चा झाली. बाबांना सागच हवा होता, तोही चांगला मुरलेला. शेवटी गोठ्यामागे रहाटाचा जुना आस पडून होता, तो त्यांनी नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाले, "हा घे. पण अर्धाच काप."