जुन्या पद्मिनीचे ब्रेक आणि शॉकअप: घरून धंदा करायचा तर आधी हे शिका



"सर, जुन्या गाड्यांचं वेड आहे, घरी जागा आहे, यातून धंदा होईल का?" होईल. पण सुरुवात रंगापासून करू नका. रंग उडाला तर गिऱ्हाईक चिडतं, ब्रेक गेला तर माणूस जातो. म्हणून पहिलं काम शिकायचं ते गाडी थांबवायचं.

उदाहरण घेऊ प्रीमियर पद्मिनीचं. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेली फियाट ११००, तीच १९७४ पासून पद्मिनी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी निवृत्त झाली. पण घराघरांत आजोबांची, वडिलांची पद्मिनी झाकून ठेवलेली आहे. तेच तुमचं गिऱ्हाईक.

आधी दुरुस्ती, मग अपग्रेड

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. घाट उतरताना ड्रम तापतो आणि पकड सैल पडते. म्हणून लोक पुढे डिस्क मागतात. पण थांबा! उभ्या राहिलेल्या गाडीत बहुतेक वेळा दोष वेगळाच असतो: व्हील सिलिंडर गळतो, रबरी पाइप आतून फुगतो, ब्रेक ऑइलनं हवेतलं पाणी शोषलेलं असतं. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत येते. ऑइल उकळलं की वाफ होते आणि पेडल पोकळ जातं.

तेव्हा आधी नवे लायनर, नवी रबर किट, नवे पाइप, नवं ऑइल. अनेक गिऱ्हाइकांचं काम इथंच भागतं. डिस्कची गरज नसताना डिस्क विकू नका. गिऱ्हाईक हे लक्षात ठेवतं.

डिस्क बसवायचीच असेल तर

नुसती डिस्क आणून बोल्ट आवळले, असं होत नाही. ड्रममध्ये शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप घट्ट बसतो. डिस्कला ही मदत नाही, तिला जास्त दाब लागतो. म्हणून मास्टर सिलिंडर आणि बूस्टर जुळवावे लागतात. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तो तसाच राहिला तर डिस्क घासत राहते, तापते. आणि जुना सिलिंडर एकाच सर्किटचा असेल तर एक गळती झाली की चारही ब्रेक गेले. माझ्या मते डिस्कच्या आधी दोन सर्किटचा सिलिंडर बसवा.

सस्पेन्शन

पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. आधी बुश आणि शॉकअप तपासा. "गाडी उडते" या तक्रारीचं मूळ बरेचदा तिथंच सापडतं. दाबलेली कॉइल स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर ते काम गॅरेजला द्या. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा. लटकत्या स्थितीत आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी अलाइनमेंट कराच.

घरी काम करताना

नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीही जाऊ नका, घोडी लावाच. ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या कापडानं पुसा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच धुवा. पार्ट्ससाठी कुर्ला, पुण्यात नाना पेठ पालथी घाला, पण ब्रेकचं रबर जुनं कधीच घेऊ नका.

आता धंद्याचं गणित

एक, गाडी उघडून तपासण्याचे पैसे वेगळे घ्या. चाक न काढता दिलेला अंदाज तुमच्याच अंगाशी येतो.

दोन, कोटेशन तीन ओळींत द्या: अत्यावश्यक, करावं असं, हौस. ब्रेक पहिल्या ओळीत. पहिली ओळ गिऱ्हाइकानं नाकारली तर गाडी घेऊ नका. हा नियम मोडणारा फार दिवस टिकत नाही.

तीन, काढलेले पार्ट पिशवीत घालून परत द्या. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळू शकते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणून कापाकापी नाही, वेल्डिंग नाही. जे बसवाल ते बोल्टनं बसवा, परत काढता येईल असं.

चार, गाडी देण्याआधी रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात चाचणी घ्या आणि काय काय बदललं ते जॉब कार्डवर लिहून सही द्या.

या आठवड्याचा गृहपाठ: स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या जुन्या गाडीचं एक चाक जाणत्या मेकॅनिकसोबत उघडा आणि तिचं तीन ओळींचं कोटेशन लिहा. पहिल्या ओळीसाठी "नाही" म्हणायची हिंमत आली, की तुमच्या दुकानावर पाटी लावायची वेळ आली समजा.