आरोपी सुटला म्हणजे मुलगी खोटं बोलली?

पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, खटल्यात आरोपी निर्दोष सुटला की अहिल्यानगरच्या कोर्टाच्या आवारापासून गावाच्या पारापर्यंत तेच ऐकू येतं: ‘म्हणजे पोरगी खोटंच बोलत होती.’ हे किती वेळा खोडायचं? कायद्याच्या दृष्टीनं ते चूक आहे आणि त्या मुलीसाठी क्रूर.

न्यायालयापुढे दोन प्रश्न असतात. गुन्हा घडला का? आणि तो याच माणसानं केला का? पहिल्याचं उत्तर ठाम ‘हो’ असलं, तरी दुसऱ्याबद्दल वाजवी शंका उरली की आरोपी सुटतो.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातलं २००३ सालचं, पॉक्सो येण्याआधीचं प्रकरण बघा. दरोडेखोरांनी एका घरातल्या पाच जणांना ठार मारलं. आई आणि पंधरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला. गुन्हा घडला, यात शंका नव्हती. भटक्या जमातीतल्या सहा जणांवर खटला चालला आणि २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. पण वाचलेल्या आईनं सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपासच झाला नाही. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. आता त्या आईला खोटारडी म्हणणार? चुकला तो तपास.

असे आणखीही गैरसमज ऐकू येतात. ‘जराशी शंका आली की आरोपी सुटतो.’ नाही. कल्पनेतली शंका चालत नाही, ती पुराव्यातून निघावी लागते. संशयाच्या फायद्याचा अतिरेक नको, असं न्या. कृष्ण अय्यर यांनी महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७३मध्ये बजावलं होतं.

‘पॉक्सोत सगळं आरोपीनंच सिद्ध करायचं.’ आरोपीनं गुन्हा केला असं मानून चालण्याचं कलम २९चं गृहीतक लागू होण्याआधी मूळ घटना सरकार पक्षालाच सिद्ध करावी लागते.

‘लहान मुलाची साक्ष चालत नाही.’ प्रश्न समजून नीट उत्तर देता आलं की चालते. विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होते.

‘ओळख परेड नाही, खटला संपला.’ परेड तपासासाठी असते. मुख्य पुरावा न्यायालयातली ओळख. आरोपी काका, शेजारी किंवा शिक्षक असेल तर परेडची गरजच नसते.

‘प्रत्यक्षदर्शी नाही, मग शिक्षा नाही.’ कोपर्डीतलं मुलीवरच्या बलात्काराचं आणि खुनाचं प्रकरण आठवा. परिस्थितिजन्य पुराव्यांवर अहिल्यानगरच्या (तेव्हाच्या अहमदनगरच्या) न्यायालयानं तिघांना २९ नोव्हेंबर २०१७ रोजी फाशी सुनावली.

‘मुलीला आरोपीसमोर उभं करतात.’ साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये, ही पॉक्सोच्या कलम ३६नुसार न्यायालयाची जबाबदारी आहे.

पालकांना एक कळकळीची विनंती. मोबाइलवरचे फोटो दाखवून मुलाला ‘हाच का तो?’ असं विचारू नका. त्यानं खरी ओळखही संशयात सापडते. मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत ऐका आणि लगेच पोलीस ठाणे गाठा.