उघड्या जखमेवर तेल? जरा थांबा!

खरचटलं की आपला हात आधी खोबरेलाकडे जातो. त्यात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं, ते काही जंतूंना आवरतं. खपली पडून गेलेल्या कोरड्या कातडीला खोबरेल मानवतंही. पण रोज बोटं बुडवतो त्या बाटलीतलं तेल निर्जंतुक नसतं. ओल्या जखमेवर ते नकोच. भाजल्यावर तर मुळीच नाही, आधी २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी.

टी ट्री तेल कधीच नुसतं लावू नका. हवा लागून जुनं झालं की त्याची ॲलर्जी जास्त येते. आणि आयुर्वेदातलं जात्यादि तेल निव्वळ वनस्पतींचं वाटतं ना? पारंपरिक पाठात त्यात मोरचूदही (कॉपर सल्फेट) घालतात!

कडुनिंबाचं तेल मात्र वरच्या फळीवर ठेवा. लहान मुलांच्या पोटात गेलं तर झटके येऊ शकतात.