गंजाला काळे करण्याआधी ट्रॉली ठोकून पाहा



गळीत हंगाम संपला, उसाची शेवटची खेप कारखान्यावर उतरली, की ट्रॉली घरी येते आणि गोठ्याच्या कडेला नाहीतर बांधावरच्या बाभळीखाली उभी राहते. मध्ये एखाद्या वेळी खताची पोती आणायला ती निघेल, तेवढेच. बाकी सगळा पावसाळा तिच्या अंगावर जातो. नूल-हलकर्णीकडे पाऊस बेताचा, पण आजरा-आंबोलीच्या बाजूला सरकावे तशी झड वाढते आणि लोखंड आठ-आठ दिवस वाळत नाही. हौद्याच्या कोपऱ्यात पाला, माती आणि सांडलेले खत यांचा ओला लगदा बसलेला असतो. दिवाळीला तो उकरला, की खालचा पत्रा पापडासारखा हातात येतो.

अलीकडे दुकानात यावर ‘रस्ट कन्व्हर्टर’ नावाचे औषध मिळते. लाल गंजावर ब्रशने लावले, की थोड्या वेळात गंज काळा पडतो आणि गाडी नवी झाल्यागत वाटते. जुना ट्रॅक्टर, जीप, शेतात अजून धावणारी एखादी एम-८० यांच्यासाठी हे घ्यावे का, असे पुष्कळजण विचारतात. घ्यावे. पण ते कुठे चालते आणि कुठे घात करते हे आधी समजून घ्या.

गव्हावर तांबेरा येतो ती बुरशी असते. फवारणी केली की ती मरते. लोखंडाचा गंज तसा नाही. लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र मिळाले की लोखंडाचाच गंज होतो, आणि तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून रंग फुगतो, पापुद्रे सुटतात आणि आतले ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. पाण्यात क्षार असले तर हे काम फार वेगाने होते. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे क्लोराइडच. ते ट्रॉलीत सांडून ओले झाले तर मिठासारखेच पत्रा खाते. कोकणपट्टीत वापरलेली जुनी गाडी घेताना खाली वाकून चासी बघतात ती याच कारणाने.

आता हे औषध काय करते ते पाहू. यात बहुधा दोन गोष्टींपैकी एक, किंवा दोन्ही असतात. पहिली टॅनिन. हे नाव नवे वाटेल, पण वस्तू आपल्या घरातली आहे. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, त्यातला तुरट अंश म्हणजे टॅनिन. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करीत. हिराकशीत लोखंड असते, हिरड्यात टॅनिन, दोन्ही मिळून काळे होते. गंजाचा काळा रंग होतो तो अगदी याच रीतीने. संग्रहालयांतल्या जुन्या लोखंडी वस्तूंनाही टॅनिनचा हात देतात. दुसरी गोष्ट म्हणजे फॉस्फोरिक आम्ल. आपण पिकाला ज्या स्फुरदाची मात्रा देतो, त्याच स्फुरदाचे हे आम्ल. ते गंजाशी मिळून न विरघळणारा थर तयार करते. दिल्लीत कुतुबमिनारजवळचा लोहस्तंभ सोळाशे वर्षांच्या आसपास उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात स्फुरद जास्त आहे आणि त्यातून बनलेला पातळ थर त्याला सांभाळतो, असे आय.आय.टी. कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले. अर्थात दिल्लीची हवा कोरडी. तोच खांब आंबोलीत उभा केला असता तर काय झाले असते, कोण जाणे!

म्हणजे औषध गंजाचे रूप पालटते. गेलेले लोखंड ते परत आणीत नाही. पाच मिलीमीटरची पट्टी गंजून दोन मिलीमीटर उरली असेल, तर औषध लावल्यावरही ती दोनच मिलीमीटर राहणार, फक्त काळी दिसणार. खरा धोका या काळ्या दिसण्यातच आहे.

ही चूक माझ्याच हातून झाली आहे. घरच्या ट्रॉलीची पुढची दांडी, जिथे ट्रॅक्टरची पिन बसते तिच्या मुळाशी, गंजली होती. मी तारेचा ब्रश मारला, औषधाचे दोन हात दिले, वर काळा रंग ओढला. काम झकास दिसत होते. त्या हंगामात उसाने भरलेली ट्रॉली चढावर असताना दांडी जोडापासून फाटली आणि ट्रॉली मागे घरंगळत जाऊन चरीत आडवी झाली. मागून बैलगाडी येत होती. गाडीवानाने बैल वेळेवर ओढले म्हणून निभावले. नंतर बघितले तर फाटलेल्या जागी चांगले लोखंड बोटाएवढेच शिल्लक होते. गंज उघडा दिसत असता तर वेल्डिंगवाल्याने तरी टोकले असते. मी तो झाकून टाकला होता.

म्हणून औषधाचा डबा उघडण्याआधी हातोडी घ्या. दांडी, हूक, चासी, अ‍ॅक्सल बसवलेली जागा, पाट्यांचे टेके हे सगळे ठोकून बघा. धड लोखंड खणखणीत वाजते; कुजलेले बद्द वाजते आणि गंजाचे पोपडे खाली पडतात. जाड स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून बघा. टोक आत गेले किंवा खड्डा पडला, तर तिथे औषधाचे काम उरले नाही. ती जागा कापून नवी पट्टी वेल्डिंग करावी. वजन पेलणाऱ्या भागाबाबत शंका असली, तरी मिस्त्रीला दाखवावे. वेल्डिंग आधी उरकावे, औषध नंतर. औषध किंवा रंग लावलेल्या जागी वेल्डिंग केले तर निघणारा धूर छातीला वाईट.

वरवरचा, घट्ट बसलेला गंज असेल, म्हणजे मडगार्ड, हौद्याचा पत्रा, बॉनेट, नांगराची चौकट, तर तिथे हे औषध चांगले चालते. यासाठी चैत्र-वैशाख हा काळ धरावा. हंगाम संपलेला असतो, हवा कोरडी असते. आधी गाडी पाण्याने भरपूर धुवावी, कोपऱ्यातला लगदा काढावा, खताचा अंश राहू देऊ नये. ग्रीस, ऑईल असेल तर साबणाच्या पाण्याने काढावे. कित्येकजण पावसाळ्यापूर्वी ट्रॉलीला जळके ऑईल फासतात. ते फासले असेल तर औषध आणि रंग दोन्ही धरत नाहीत, हे ध्यानात ठेवा. मग तारेच्या ब्रशने सुटा गंज आणि पोपडे झाडून टाकावेत. अगदी पांढरे लोखंड दिसेपर्यंत घासायची गरज नाही. औषधाला काम करायला थोडा गंज लागतोच. चकचकीत लोखंडावर ते नीट धरत नाही. जुन्या गाडीच्या मूळ रंगात शिसे असू शकते. म्हणून रंग कोरडा घासू नये, ओला करून घासावा, नाका-तोंडाला फडके बांधावे आणि पोरांना लांब ठेवावे.

औषध सकाळी किंवा उन्हे कलल्यावर लावायचे. दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर ते मुरण्याआधीच वाळते. पातळ हात द्या, काळे पडू द्या, मग डब्यावर लिहिलेल्या वेळाने दुसरा हात. पूर्ण वाळायला बहुधा एक दिवस सोडावा लागतो. काही औषधे वाळल्यावर धुवायची असतात, काही धुवायची नसतात. हे डब्यावर वाचूनच ठरवा, दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर नको. त्यावर प्रायमर आणि रंग दिलाच पाहिजे. नुसत्या काळ्या थरावर पावसाळा काढायचा म्हटले, तर दिवाळीला लाल ठिपके पुन्हा हजर. पैसे वाचवायचे तर औषध कमी जागी लावा, पण रंग गाळू नका.

काही ठिकाणी हे लावूच नये. ब्रेकचे भाग, आटे, बेअरिंग आणि पेट्रोलच्या टाकीची आतली बाजू वगळावी. सायलेन्सर तापतो, त्यावर हा थर टिकत नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर आणि अ‍ॅल्युमिनिअमवर आम्लाचे औषध उलट खायला लागते. पोकळ चॅनेलच्या आत ब्रश पोहोचत नाही, तिथे पाणी साठू नये म्हणून खालची भोके मोकळी ठेवणे हाच इलाज.

संडास धुण्याचे स्वस्त अ‍ॅसिड गंजावर ओतण्याची एक रीत आहे, ती सोडा. गंज जातो खरा, पण मागे राहिलेले क्लोराइड फटीत बसते आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा जास्त गंज येतो. ब्लिचिंग पावडर आणि कुठलेही आम्ल एकत्र आले तर विषारी वायू निघतो, तेव्हा ही दोन्ही एका जागी ठेवूसुद्धा नका.

हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर पाण्याने धूत राहून दवाखाना गाठा. औषध डब्यातून थेट ब्रशने घेऊ नका. लागेल तेवढे प्लॅस्टिकच्या वाटीत ओतून घ्या, लोखंडी वाटीत नको. वाटीत उरलेले परत डब्यात ओतू नका. ब्रशबरोबर आलेला गंज त्यात मिसळतो आणि सगळा डबा आतल्या आत काळा होऊन घट्ट बसतो.