‘फाइल कर्व्ह करून पाठवा’ म्हणजे काय? छापायला देण्याआधी समजून घ्या प्रेसची भाषा

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढायचं ठरतं, वर्गणी जमते, कुणीतरी मोबाइलवरच छान डिझाइन करून टाकतं. फाइल प्रेसमध्ये जाते आणि उलट निरोप येतो, “ब्लीड नाही, फोटो लो रेझ आहेत, फाइल आरजीबीत आहे. आणि कर्व्ह करून पाठवा.”

सोशल मीडियावरची पोस्ट चुकली तर एडिट करता येते. छापून झालेल्या ५०० प्रतींना एडिटचं बटण नसतं. स्क्रीनवर जे दिसतं ते जसंच्या तसं कागदावर उतरत नाही आणि प्रेसचे बहुतेक शब्द नेमक्या याच फरकाबद्दल असतात.

आरजीबी आणि सीएमवायके : रंग फिका का आला?

मोबाइलची स्क्रीन स्वतः प्रकाश देते. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश कमी-जास्त मिसळून ती सगळे रंग दाखवते. यालाच आरजीबी म्हणतात.

कागद प्रकाश देत नाही. त्यावरची शाई प्रकाशाचा काही भाग शोषते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. छपाईत चार रंगांची शाई वापरतात : सायन म्हणजे आकाशीकडे झुकणारा निळा, मॅजेंटा म्हणजे साधारण राणी कलर, पिवळा आणि काळा. हेच सीएमवायके.

स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी किंवा विजेसारखा निळा या चार शायांतून तसाच तयार होत नाही. म्हणून डिझाइन सुरुवातीपासूनच सीएमवायकेमध्ये करावं किंवा पाठवण्याआधी बदलून पाहावं. रंग उतरणारच असेल तर ते छापण्याआधी कळलेलं बरं.

डीपीआय : फोटो फाटला म्हणजे काय झालं?

हातात धरून वाचायच्या छपाईसाठी फोटो ३०० डीपीआयचा असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे छापल्यावर प्रत्येक इंचात ३०० पिक्सेल यायला हवेत.

गणित सोपं आहे. इन्स्टाग्रामच्या १०८० पिक्सेलच्या चौकोनी पोस्टला ३०० ने भागलं की ३.६ इंच मिळतात. ती पोस्ट तेवढ्याच आकारात नीट छापली जाईल. पूर्ण ए४ पान भरायला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. लहान फोटो ओढून मोठा केला तर पिक्सेल वाढत नाहीत, फक्त ठोकळे मोठे दिसतात.

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो कॉम्प्रेस होतो. त्यामुळे तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. श्रद्धांजलीच्या पानासाठी दिवंगत सरांचा एकच जुना पासपोर्ट फोटो उपलब्ध असेल, तर मोबाइलने त्याचा फोटो काढण्यापेक्षा ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्यावा. मग तो मूळ आकाराच्या दुप्पट छापता येतो. त्याहून मोठा करण्याचा हट्ट मात्र धरू नये.

फ्लेक्सचा हिशोब वेगळा. तो लांबून पाहिला जातो, त्यामुळे बराच कमी डीपीआयही चालतो.

ब्लीड : कडेला पांढरी रेघ का राहते?

छापलेल्या कागदांची थप्पी एकत्र कापली जाते. कापताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. रंग पानाच्या कडेपर्यंतच असेल तर तिथे पांढरी रेघ उरते. म्हणून पार्श्वभूमीचा रंग किंवा फोटो चारही बाजूंना साधारण ३ मिमी बाहेर वाढवून ठेवतात. तोच ब्लीड. ए५ पान १४८ बाय २१० मिमीचं असेल, तर फाइल १५४ बाय २१६ मिमीची हवी.

याच कारणाने नावं, फोन नंबर, लोगो कडेपासून किमान ५ मिमी आत ठेवावेत. नाहीतर शेवटचं अक्षर कटिंगमध्ये जातं.

कर्व्ह : मराठी मजकुराचा खरा धोका

मजकूर ज्या फॉन्टमध्ये आहे, तो प्रेसच्या कॉम्प्युटरवर असेलच असं नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे उघडला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. युनिकोड मजकूरही देवनागरी नीट न हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तुटतो. जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेली दिसतात, पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते.

यावर उपाय म्हणजे कर्व्ह. यात अक्षरांचं रूपांतर आकृत्यांमध्ये होतं. मग फॉन्ट असो वा नसो, अक्षर जसं आहे तसंच राहतं. फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफही चालते.

पण कर्व्ह केल्यावर मजकूर बदलता येत नाही. त्यामुळे मुद्रितशोधन आधी, कर्व्ह नंतर. कर्व्ह न केलेली मूळ फाइलही जपून ठेवावी. आणि युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये मजकूर बदलून घेतला असेल, तर तो पुन्हा पहिल्यापासून वाचावा.

जीएसएम : कागद किती जाड?

एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. एका चौरस मीटरमध्ये १६ ए४ पानं बसतात, म्हणून ८० जीएसएमचं एक ए४ पान ५ ग्रॅमचं असतं.

झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा, रंगीत माहितीपत्रकाचा १३० च्या आसपास, तर कव्हर किंवा व्हिजिटिंग कार्डचा २५० ते ३०० जीएसएमचा असतो. पण जीएसएम म्हणजे वजन, जाडी नव्हे. तेवढ्याच जीएसएमचा गुळगुळीत आर्ट पेपर पुस्तकांच्या साध्या मॅपलिथोपेक्षा हाताला पातळ लागतो. म्हणून नमुना हातात घेऊन पाहावा.

ऑफसेट की डिजिटल?

ऑफसेटमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट बनते. प्लेटवरची शाई आधी रबरावर आणि तिथून कागदावर येते. प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च १०० प्रतींना असो वा ५,००० प्रतींना, सुरुवातीला करावाच लागतो. म्हणून प्रती वाढल्या की दर प्रतीचा भाव उतरतो. डिजिटलमध्ये प्लेटच नसते, त्यामुळे थोड्या प्रतींना ते परवडतं.

कोटेशनवर ‘४+४’ असेल तर दोन्ही बाजूंना चार रंग, ‘४+०’ असेल तर एक बाजू रंगीत आणि दुसरी कोरी.

पानांची संख्याही आधीच विचारावी. मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेत एक कागद दुमडला की चार पानं होतात. म्हणून ४६ पानांचा मजकूर असेल तरी पुस्तिका ४८ पानांची होते. मोठ्या कामात ८ किंवा १६ पानांचा एक फॉर्म धरतात. दोन कोऱ्या पानांवर जाहिरात घेता आली असती, हे छापून आल्यावर कळून उपयोग नाही.

प्रूफ : इथे ‘ओके’ म्हणण्याआधी

छपाईआधी दाखवायची प्रत म्हणजे प्रूफ. पीडीएफ प्रूफमध्ये मजकूर आणि मांडणी तपासता येते, रंग नाही. रंग महत्त्वाचा असेल तर कागदावरचं प्रूफ मागावं.

प्रूफला ‘ओके’ दिल्यानंतर सापडलेली चूक सहसा ग्राहकाची धरली जाते आणि फेरछपाईचा खर्चही त्यालाच पडतो. म्हणून प्रूफ ग्रुपवर टाकून अंगठ्याच्या इमोजीवर समाधान मानू नये. मजकूर तयार करताना जो सामील नव्हता, अशा एकाला कागदावर छापलेलं प्रूफ द्यावं. त्याने नावं, आडनावं, तारीख, वार आणि फोन नंबर बोट ठेवून वाचावेत. ‘ओके’ त्यानंतरच पाठवावा.