वहिनींच्या मडक्यातला पाव

आमच्या घरात पाव म्हणजे आजारी माणसाचे अन्न. लहानपणी मला ताप आला की वडील यवतमाळहून पाव आणीत, आणि मी तो दुधात बुडवून खात असताना भावंडे हेव्याने पाहत उभी राहत. त्याच घराच्या गोठ्यात आज पावाची भट्टी आहे असे सांगितले तर वाचक म्हणतील, मास्तरांनी दिवाळीची थाप मारली. तेव्हा मुळापासूनच सांगतो.

दारव्ह्याच्या बाजूला आमची पाच एकर काळी जमीन आहे. मी पुस्तके घेऊन यवतमाळला बिऱ्हाड केले. जमीन दादाने सांभाळली. सांभाळली म्हणजे कापूस लावला. पूर्वी आमच्याकडे ज्वारीही असे. पण दाणा भरताना पाऊस लांबला की हायब्रीडची कणसे काळी पडत आणि उरलेली रानडुकरे फस्त करीत. कापसाचे तसे नाही. मात्र कापसाचा पैसा वर्षातून एकदा दिसतो; बाकीचे दिवस घर उधारीवर चालते.

2017 साली कापसावरच्या फवारणीच्या विषाने आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. त्या हंगामात दादाच्या डोळ्यांपुढेही दोन दिवस अंधारी येत होती. "भाऊजी, माह्या पोराले मी या पंपाले हात लावू देणार नाही," वहिनी मला म्हणाल्या, आणि पुतण्या पुण्याला एका बेकरीत कामाला लागला.

2020 मध्ये टाळेबंदी झाली नि तो परत आला. सामानात कपडे थोडे, आणि जिवापाड जपलेली एक काचेची बरणी. आत कणीक आणि पाणी कालवून आंबवलेला चिकट गोळा. रोज त्यातला थोडा काढायचा, ताजी कणीक घालायची. कणकेतच असलेले सूक्ष्म जीव तो फुगवतात. बाजारच्या पावात यीस्ट टाकतात, तो तासा-दोन तासांत फुगतो. हा मात्र रात्रभर घेतो, पण पुढे चांगला टिकतो. वहिनींनी बरणी हुंगली आणि म्हणाल्या, "हे तं आपल्या आंबिलीचंच हाय."

महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आमच्याकडे सोळा भाज्यांबरोबर ज्वारीची आंबील लागते. तिचे पीठ आंबवण्यात वहिनींचा हात साऱ्या गावाला ठाऊक. आंबट, आंबील, आंबवणे ही सारी 'आम्ल' शब्दाचीच लेकरे. (वर्गात हे सांगितले की मुले जांभया देतात, घरात त्याच शब्दावर भट्टी पेटली!) ज्वारीत चिकटा नसतो म्हणून तिचा पाव फुगत नाही, इतकाच काय तो फरक.

पहिल्याच मे महिन्यात पुतण्याची विद्या संपली. पुण्याचे घड्याळ यवतमाळच्या उन्हात चालेना. आंबवण दुपारपर्यंत उतू जाई, कणीक पाण्यासारखी पसरे. वहिनींनी बरणी रिकामी करून एका मडक्यात ओतली, मडके माठाखालच्या ओल्या वाळूत रोवले, जुने आंबवण मूठभरच घेतले आणि मीठ थोडे वाढवले. पुतण्या वहीत वजने लिहीत होता. त्या नुसत्या वासावर होत्या. थंडीत तेच मडके चुलीजवळ सरकते. दिवेलागणीनंतर मात्र विरजणासारखेच तेही कोणाला मिळत नाही.

भट्टी मातीची. जळण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या. त्यांना आमच्याकडे काय तोटा! भडभडून पेटतात, तळ तापतो. मग निखारे ओढून काढायचे, ओल्या पोत्याने तळ पुसायचा आणि चिमूटभर पीठ टाकून पाहायचे. लगेच काळे पडले तर थांबायचे. सावकाश तांबूस झाले तर पाव आत.

गहू बन्सी. तो कठीण, पिवळसर, शेवयांना नावाजलेला. पावाला चालणार नाही असे मीही शहाणपणाने सांगितले होते. पण दक्षिण इटलीतल्या आल्तामुरा गावचा पाव अशाच जातीच्या गव्हाचा आणि आंबवणाचाच असतो, आणि त्याच्या नावाला 2003 साली युरोपीय संघाने संरक्षण दिले, हे पुतण्याने मला ऐकवले. मी गप्प बसलो.

दर शनिवारी एस.टी.ने टोपली माझ्याकडे येते आणि मराठीचा प्राध्यापक स्टाफरूममध्ये फेरीवाला होतो. "सर, तुमचा पाव आंबट लागतो," एक सहकारी म्हणाले. "शिळा नाही, आंबवलेला आहे," असे मी त्यांना व्युत्पत्तीसह समजावले. आता ते दोन घेतात, बहुधा व्युत्पत्ती टाळण्यासाठी.

पहिल्या महिन्याचे पैसे पुतण्याने रीतीप्रमाणे बापाच्या हातात ठेवले. दादाने ते बियाण्याच्या उधारीत भरले. त्यात गैर काय, असे मलाही वाटले. वहिनी काही बोलल्या नाहीत. मात्र चार दिवस त्यांनी मडक्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी पाव भाकरीसारखे चपटे निघाले. पुतण्या मडक्यात नाक घालून बसला, दादा अंगणात येरझारा घालू लागला. शेवटी म्हणाला, "अवं, काऊन रुसली?"

"रुसली कायची? पहाटे चारले उठतो कोण, ते एकदा मोजा."

पुढच्या शनिवारपासून पैसे वहिनींच्या डब्यात जाऊ लागले. किराण्याचे बिल आठवड्याला फिटते. दुकानदाराच्या वहीतले आमचे पान गेले वर्षभर कोरे आहे. यंदा जूनमध्ये डबा उघडून त्यांनी एका एकराच्या सोयाबीनचे बियाणे आणले आणि दादासमोर ठेवले. कारण पऱ्हाटी पार हिवाळ्यापर्यंत उभी राहते, तिच्यामागे गहू पेरता येत नाही. सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास निघते. दादा आठ दिवस बोलला नाही. कापूस कमी करणे म्हणजे त्याला इभ्रत कमी करणे वाटते, आणि त्याचे अगदीच चुकते असेही मला म्हणवत नाही. सोयाबीनचा भाव कोणी बांधून दिला आहे?

परवा मी गावी गेलो तेव्हा सोयाबीन निघाले होते. दादा तिफण घेऊन त्या एकरात होता, बन्सी पेरत. वहिनी धुऱ्यावर उभ्या होत्या. धुऱ्याजवळ येताच त्याने बैल थांबवले.

"झालं का आता तुह्या मनासारखं?"

वहिनींनी ओटीतला गहू हाताने चाळला आणि पलीकडे बोट दाखवले. "त्या बोरीपर्यंत दोन तासं अजून घ्या."

दादाने माझ्याकडे पाहिले. मी बोरीकडे पाहिले.