रिकाम्या आसनाचे मोल

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मंडईत गेल्यास एक गोष्ट सहज ध्यानात येते. सकाळी वीस रुपयांना मिळणारी मेथीची जुडी दिवेलागणीच्या सुमारास दहा रुपयांना मिळू लागते. भाजी उद्यापर्यंत टिकणार नाही, हे विक्रेत्याला ठाऊक असते. म्हणून वाया जाण्यापेक्षा ती कमी पैशांत गेलेली बरी, असा विचार तो करतो. प्रवासाच्या धंद्यात भाजीहूनही नाशवंत अशी एक वस्तू आहे. ती म्हणजे रिकामे आसन. उरलेली मेथी निदान विक्रेत्याच्या घरी तरी शिजते; परंतु विमानाने जमीन सोडली, की त्यातील रिकामे आसन कायमचे वाया गेले. ते झाकून ठेवता येत नाही, की उद्याच्या फेरीत विकता येत नाही. स्वस्त तिकिटे, हॉटेलांतील सवलती आणि नेहमीच्या प्रवाशांना मिळणारी बक्षिसे या साऱ्यांचे मूळ या रिकाम्या आसनात आहे.

हे मर्म फार पूर्वी ज्यांनी ओळखले, त्यांत इंग्लंडमधील टॉमस कुक हा एक होता. तो पूर्वी सुतारकाम करी व दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता होता. दारूबंदीच्या एका सभेसाठी त्याने रेल्वे कंपनीशी बोलणे करून ५ जुलै १८४१ रोजी लेस्टर ते लफबरो अशी खास आगगाडी ठरविली. जाऊन-येऊन भाडे माणशी अवघे एक शिलिंग होते, आणि सुमारे पाचशे माणसे त्या गाडीने गेली. एवढ्या माणसांची खात्री मिळाल्यावर थोडक्या भाड्यातही गाडी सोडणे कंपनीला परवडले, आणि एरवी असा प्रवास ज्यांच्या आवाक्याबाहेर होता अशा माणसांना तो घडला. आसने भरली तर भाडे उतरते व भाडे उतरले तर आसने भरतात, हा व्यवहार कुकने जगाला दाखवून दिला.

विमानाच्या बाबतीत हा व्यवहार अधिकच निकडीचा असतो. विमान अर्धे भरलेले असो की पूर्ण, वैमानिकाचा पगार, विमानतळाचे शुल्क आणि इंधनाचा मोठा भाग हा खर्च होतच असतो. शिवाय जे विमान जमिनीवर उभे आहे, ते काहीच मिळवीत नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९७१ मध्ये साउथवेस्ट नावाच्या एका लहान कंपनीने विमाने सुरू केली. पुढच्याच वर्षी पैशांच्या ओढाताणीमुळे तिला आपल्या चारांपैकी एक विमान विकावे लागले. तेव्हा चार विमानांच्या फेऱ्या तीन विमानांनी कशा कराव्यात, असा प्रश्न उभा राहिला. कंपनीने यावर एक युक्ती काढली. विमान उतरल्यापासून दहा मिनिटांत उतारू उतरवून, सामान काढून, नवे उतारू घेऊन ते पुन्हा निघावे, असे तिने ठरविले, आणि तसे करूनही दाखविले. स्वस्त विमानप्रवासाची रीत पुढे जगभर पसरली ती याच पायावर.

भारतात ही रीत २००३ मध्ये कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या एअर डेक्कन या कंपनीने आणली. तिने विमानातील फुकट जेवण बंद केले आणि काही थोडी आसने तर एका रुपयालाही विकली. ही कंपनी आपल्या नावाने फार वर्षे टिकली नाही. परंतु ज्यांनी विमान केवळ आकाशात पाहिले होते, अशा अनेकांनी त्या काळात प्रथमच विमानात पाऊल ठेवले.

येथे एक शंका कोणालाही येईल. भाजी संध्याकाळी स्वस्त होते. मग विमानाचे तिकीट शेवटच्या दिवशी बहुधा महाग का असते? याचे कारण असे, की शेवटच्या दिवशी तिकीट मागणारा मनुष्य बहुधा अडलेला असतो. कोणाचे वडील दूरच्या गावी आजारी पडलेले असतात, तर कोणाला तातडीने मुलाखतीस जायचे असते. असा मनुष्य मागाल ते भाडे देईल, हे कंपनी जाणते. म्हणून ती काही आसने आधीच स्वस्तात विकून विमान भरण्याची तजवीज करते आणि काही आसने अडलेल्यांसाठी राखून ठेवते. सहलीला निघालेल्याचे तिकीट ज्या विमानात स्वस्त, त्याच विमानात संकटात सापडलेल्याचे तिकीट महाग असते. स्वस्ताईचा हा दुसरा चेहराही आपण पाहिला पाहिजे.

तिकिटावरील आकडा हा नेहमीच पुरा खर्च नसतो, हेही ध्यानात ठेवावे. समजा, एका तिकिटाला तीन हजार रुपये पडतात व दुसऱ्याला बावीसशे. दुसरे स्वस्त वाटते. पण त्यात सामानाचे आठशे रुपये वेगळे भरावे लागतात, आणि विमान अपरात्री पोहोचत असल्यामुळे घरी जाण्यास गाडीभाडे पाचशे रुपये जास्त पडते. म्हणजे बावीसशेचे तिकीट पस्तीसशेला पडले!

हॉटेलच्या खोलीची गोष्टही आसनासारखीच आहे. आजची रात्र रिकामी गेली, तर ती खोली उद्या दोनदा देता येत नाही. म्हणून गर्दी नसेल त्या दिवसांत खोल्या स्वस्त होतात. खर्च कमी करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे जागा कमी करणे. जर्मनीतील रिचर्ड शिरमान या शिक्षकांच्या मनात आले, की पायी सहलीला निघालेल्या मुलांना रात्री निवारा हवा. मग तो साधा असला तरी चालेल. त्यांच्या खटपटीने १९१२ मध्ये आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात जगातील पहिले कायमचे युवक वसतिगृह उघडले. जपानमधील ओसाका शहरात १९७९ मध्ये एक माणूस झोपू शकेल एवढ्याच कप्प्यांचे हॉटेल निघाले. त्याच धर्तीची सोय मुंबई सेंट्रल स्थानकावर २०२१ मध्ये झाली.

आता बक्षिसांचा विचार करू. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने विमानभाड्यांवरील सरकारी बंधने उठू लागली व कंपन्यांत चढाओढ लागली. गिऱ्हाईक आपल्याकडेच टिकावे, म्हणून अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १९८१ मध्ये एक योजना काढली. प्रवासी जितके मैल प्रवास करील तितके मैल त्याच्या नावे जमा होत, आणि पुरेसे मैल साठले की त्याला फुकट तिकीट मिळे. यातील खुबी पाहा. जे आसन एरवी रिकामेच जाणार, ते बक्षीस म्हणून देण्यास कंपनीला फारसा खर्च येत नाही. घेणाऱ्याला मात्र त्याचे मोल मोठे वाटते. पुढे हॉटेले व बँकाही अशा योजनांत शिरल्या आणि मैलांप्रमाणे ‘पॉइंट’ साठू लागले. या योजना कंपन्यांना एवढ्या लाभदायक ठरल्या, की २०२० च्या महामारीत विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेड एअरलाइन्सने आपली बक्षीस योजनाच तारण ठेवून पाच अब्ज डॉलरांच्या कर्जाची व्यवस्था केली.

मग यात प्रवाशाचा लाभ किती? हिशेब करून पाहू. समजा, एका व्यापाऱ्याला नागपूरहून मुंबईला वारंवार जावे लागते. एका कंपनीचे भाडे चार हजार रुपये असून दहा फेऱ्यांनंतर ती एक फेरी फुकट देते. दुसरीचे भाडे साडेतीन हजार आहे, पण बक्षीस नाही. फुकट फेरीच्या आशेने तो पहिल्या कंपनीकडे गेला, तर दहा फेऱ्यांत त्याचे पाच हजार रुपये अधिक जातात. त्याच पाच हजारांत दुसऱ्या कंपनीचे एक तिकीट घेऊनही दीड हजार रुपये शिल्लक राहिले असते! दोन्ही भाडी सारखी असती, तर मात्र बक्षीस घेणे शहाणपणाचे होते. शिवाय पॉइंट म्हणजे खिशातले नाणे नव्हे. त्यांचे मोल कंपनी ठरविते, ते घटवूही शकते, आणि पुष्कळदा ते ठराविक मुदतीनंतर रद्द होतात. भाडे कचेरीने भरायचे व बक्षीस आपल्याला मिळायचे असेल, तर प्रामाणिकपणाचीही कसोटी लागते.

म्हणून कोणतीही सवलत पुढे आली, की तीन प्रश्न विचारावेत. हा प्रवास मला सवलत नसतानाही करायचा होता काय? सगळे मिळून खर्च किती? आणि देणाऱ्याला यात काय मिळते? आपल्या एस.टी.ची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. एकदा पैसे भरून चार किंवा सात दिवसांचा पास घ्यावा व हवे तितके हिंडावे. जो नकाशा पुढे घेऊन रोजचा मार्ग आखतो, त्याला तोच पास अतिशय स्वस्त पडतो. जो दोन गावे पाहून घरी बसतो, त्याला तो महाग पडतो. पास दोघांनाही सारख्याच किमतीला मिळतो. परंतु त्याचे मोल प्रत्येकाच्या विचाराप्रमाणे ठरते.